सगळे मिळून शांत बसले की जग शांत होतं का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर पडीक असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

२०२४ साली संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस जाहीर केला. त्यानिमित्त आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी गंगेवर (म्हणजे आपल्या नाशकातल्या गोदावरीवर) जमायचं, वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि जगात शांतता नांदावी, पृथ्वी टिकावी असा संकल्प करायचा. सामूहिक चेतना उंचावली की बाहेरचं जग बदलतं, असं खाली लिहिलंय.

मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलेलं आहे, त्यामुळे ध्यानाचं मला वावडं नाही. माझी चिडचिड कमी झाली हे मला कळतं, घरच्यांना तर माझ्या आधी कळलं. पण माझ्यासारखी हजार माणसं एकत्र बसली तर त्याने युक्रेन किंवा गाझात काही होतं का? ते सोडा, गंगेतल्या पाणवेली तरी कमी होतात का? की हे फक्त आपल्याला बरं वाटावं म्हणून? विश्वास असलेल्यांनी, नसलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. भांडू नका प्लीज.

मिसळ_तर्री
भांडू नका असं लिहिलं की धागा शंभरी गाठतो हा इथला नियम आहे. खुर्ची टाकून बसलोय.

आकडेमोड
ताई, तुम्ही विचारलंय त्यावर प्रयोग झालेले आहेत म्हणून थोडं लांबण लावतो.

महर्षी महेश योगींच्या मंडळींचा दावा असा, की लोकसंख्येच्या एक टक्का लोकांनी भावातीत ध्यान केलं तर समाजातली हिंसा कमी होते. पुढे ते म्हणाले की त्यांची वरची पायरी, म्हणजे सिद्धी कार्यक्रम, एकत्र बसून केला तर एक टक्क्याच्या वर्गमुळाएवढे लोकही पुरतात. आता गणित करा. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर होतं साधारण १४ लाख ८६ हजार. एक टक्का म्हणजे १४,८६०, त्याचं वर्गमूळ १२२. म्हणजे १२२ माणसांत नाशिक शांत. अख्ख्या जगाला, ८ अब्ज धरले तर, नऊ हजारांच्या आत काम भागतं.

१९९३ च्या जून-जुलैत त्यांनी हे वॉशिंग्टनमध्ये करून बघितलं. शेवटी शेवटी चार हजारांच्या आसपास लोक जमले होते. निष्कर्ष काय, तर हिंसक गुन्हे २३ टक्क्यांपर्यंत कमी झाले. पण ते कमी कशापेक्षा? आदल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा नाही, तर तापमान वगैरे धरून त्यांनीच जो अंदाज बांधला होता त्यापेक्षा. म्हणजे पेपरही त्यांचा आणि तपासणारेही तेच. या कामाबद्दल प्रयोगाचे प्रमुख जॉन हेगलिन यांना १९९४ साली शांततेचं इग्नोबेल मिळालं, जे गमतीचं पारितोषिक आहे हे सांगायला नको.

प्रिन्स्टनमध्ये १९९८ पासून अजून एक उद्योग चालू झाला. जगभर कसेही, रँडम आकडे फेकणारी यंत्रं ठेवायची आणि मोठी घटना घडली की त्या यंत्रांच्या आकड्यांत काही सुसूत्रता दिसते का ते बघायचं. त्यांना दिसते. बाकीच्यांना नाही दिसत, कारण घटना कुठली निवडायची आणि किती वेळ मोजायचा हे ठरवणारे तेच.

मिसळ_तर्री
१२२ माणसं??? अहो एवढी तर रविवारी सकाळी मिसळीच्या वेटिंगला असतात. आणि तिथे कुणाचीही चेतना उंचावलेली नसते, एक्स्ट्रा पाव आला नाही तर बघा.

न्यूजर्सीचा_नाशिककर
मिसळ लिहू नका हो इथे, इकडे मध्यरात्र झालीय. :(

आनापान
आकडेमोड, वर्गमुळाचं गणित माझ्याही गळी उतरत नाही. पण तेवढ्यावरून सगळंच निकालात काढू नका.

मी गेली बरीच वर्षं धम्मसेवा करतो. गोएंका गुरुजींच्या परंपरेत असा दावा कोणी करत नाही की आम्ही हॉलमध्ये बसलो म्हणून बाहेर युद्ध थांबेल. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करायची, पण त्याआधी नऊ दिवस स्वतःच्या आतला कचरा बघायला लावतात. पहाटे चारला घंटा, दिवसभर बैठक, आर्य मौन, रात्रीचं जेवण नाही. पहिले तीन-चार दिवस माणूस पळून जायचे बेत करत असतो. १९९४ साली तिहार तुरुंगात किरण बेदींच्या काळात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. कैदी बाहेर आल्यावर संत झाले असं मी म्हणत नाही, पण जिथे माणूस माणसावर धावून जातो तिथे हजार माणसं गप्प बसली, हे काही कमी आहे का?

दुसरं, तिथे फी नसते. तुमच्या जेवणाखाण्याचे पैसे आधी कोणीतरी अनोळखी माणसाने भरलेले असतात आणि शिबिर पूर्ण झाल्यावर तुम्हाला वाटलं तर तुम्ही पुढच्या अनोळखी माणसासाठी भरता. ज्याने शिबिर केलेलं नाही त्याच्याकडून दान घेत नाहीत. १९७६ पासून इगतपुरीचा हा गाडा असा चाललाय. सामूहिक जाणीव म्हणतात ती मला त्या व्यवहारात दिसते.

सिडकोची_अनुजा
माझं थोडं घरगुती आहे, चालवून घ्या.

आमचे हे गेलं वर्षभर रोज सकाळी अर्धा तास विश्वशांतीसाठी बसतात. त्या अर्ध्या तासात मी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत, असं सगळं करून घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की तीन जिने उतरून खाली पळते. परवा विचारलं, अहो पृथ्वी टिकवायची आहे ना, मग बादली घ्या. तर म्हणाले, तू कर्माच्या पातळीवर करतेस, मी चेतनेच्या पातळीवर करतोय.

दुसऱ्या दिवसापासून मी पण चेतनेच्या पातळीवर गेले. कचरा घरातच. वास सुटायला लागल्यावर आता कर्माच्या पातळीवर दोघं मिळून उतरतो.

मिसळ_तर्री
अनुजाताई, आजचा मानाचा फेटा तुम्हाला!

जुना_नाशिककर
अनुजा, तुझ्या प्रतिसादावरून गाडगेबाबा आठवले. त्यांची धर्मशाळा आपल्या नाशकात आहेच. त्यांचा क्रम बघा. गावात आले की आधी खराटा, कीर्तन रात्री. लोक ऐकायला बसत ते स्वतःच्या डोळ्यांनी झाडलेला रस्ता बघून. हल्ली उलटं झालंय, रात्रीचं कीर्तन आणि सकाळी गंगाघाटावर पत्रावळी.

मी लहानपणापासून पंचवटीत. पुराचं माप आम्ही नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, कमरेला पाणी आलं, छातीला आलं. पुरात सगळं गाव एक होतं, ओळखदेख नसलेल्या माणसाला दुकानदार माल हलवायला बोलावतात आणि तोही जातो. पाणी उतरलं की आठवड्यात जो तो आपापल्या ओट्यावर. मला नेहमी वाटतं की माणसं एकत्र येत नाहीत ही खरी अडचण नाही, येतात, पण नंतर एकत्र राहायला काही कारण उरत नाही.

आणि पाणवेलीचं विचारलंस ना गोदाकाठची, पाणवेल वाढते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. मशीनने काढली तरी परत येते, कारण तिचं खाणं चालूच आहे. डोळे मिटून बसलेल्यांच्या घरचं सांडपाणी कुठल्या नाल्याला जातं हे त्यांनी आधी बघावं, मग संकल्प करावा.

पैठणचा_पाहुणा
नाशिककरांच्या सामूहिक चेतनेवर चर्चा चाललीय म्हणून आलो. आमच्याकडे तिचा अनुभव असा आहे की ती नाशिकच्या गंगापूर धरणाच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथे दरवाजे बंद होतात.

नियम साधा आहे. १५ ऑक्टोबरला पैठणचं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. हे ठरवायला मेंढेगिरी समिती झाली, जलसंपत्ती प्राधिकरणाचा आदेश झाला, २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तरी २०२३ च्या नोव्हेंबरात ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचे म्हटल्यावर नगर-नाशकात केवढी आदळआपट झाली ते आठवा. एकच नदी. तुम्ही तिची आरती करता, आम्ही तिच्या खालच्या अंगाला बसून टँकरची वाट बघतो. विश्वशांतीचा संकल्प करताना दोनशे किलोमीटरवरचं पैठण विश्वात धरता का?

द्राक्षबाग_निफाड
आलं का परत हेच. पाहुणे, प्यायला पाणी द्यायला कुणाची ना नाही. पण सोडलेल्यातलं किती वाटेत मुरतं, आणि पोचलेलं किती उसाला आणि कारखान्यांना जातं ते पण लिहा ना. आमच्या बागा सुकवून तुमचा ऊस हिरवा करायचा याला समन्यायी वाटप म्हणायचं का?

पैठणचा_पाहुणा
निफाडात ऊस नाही का? कारखाना तर तुमच्या तालुक्यातही आहे. आणि मुरण्याचं म्हणाल तर ऑक्टोबरात नदी ओली असताना सोडा, कमी मुरेल. तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत कोर्टात भांडता, मग कोरड्या पात्रात सोडता आणि मग म्हणता मुरलं.

द्राक्षबाग_निफाड
पात्रातले बंधारे कोण भरून घेतं ते पण सांगा मग.

संपादक मंडळ
पाणीवाटपावर वेगळा धागा आहे, तिथे तलवारी काढाव्यात. इथे मूळ विषय धरून लिहावं ही विनंती.

टेलचा_शेतकरी
संपादक साहेब, मला वाटतं हाच मूळ विषय आहे. मी भांडत नाही, आमच्याकडचं सांगतो.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला, ओझरकडची गावं. धरण झालं, कालवा झाला, पण टेलला पाणी यायचंच नाही, वरचे वरच संपवायचे. रात्री फावडी घेऊन चाऱ्यांची (कालव्याचे छोटे पाट) फोडाफोडी, मारामाऱ्या, सगळं झालं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि नंतर भरत कावळे या लोकांनी गावोगाव फिरून बैठका घेतल्या, आणि १९९० नंतर टेलच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. कुणाला वाटलं नव्हतं टिकतील. पाटबंधारे खात्याशी करार केला की आम्हाला पाणी एकरावर देऊ नका, मोजून द्या, घनमीटरवर, पट्टी पण मोजूनच घ्या. मग हळूहळू वरच्या गावांनाही पटलं, कारण मोजून घेतलं की वाचवलेलं पाणी स्वतःचं राहतं, कुणी तेवढ्या पाण्यात ठिबकवर द्राक्ष केली, कुणी भाजीपाला. पुढे पुढे सगळ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पाची एक संस्था झाली. शेतकऱ्यांनी अख्खा प्रकल्प चालवायला घेतला. २००५ साली सिंचन शेतकऱ्यांनी चालवायचा कायदा झाला त्याच्याआधीच हे सुरू झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल याच्यात चेतना कुठे आली. सांगतो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटायच्या आधी बैठक होते. कुणाचं किती क्षेत्र, कुठलं पीक, किती पाळ्या, हे पाळीपत्रक कार्यालयाबाहेर लागतं, सगळे वाचतात, ज्याचं नाव वर-खाली झालं तो तिथेच ओरडतो. पाणी द्यायचं ते शेवटाकडून वर. चारीच्या तोंडाशी फ्लूम बांधलेला असतो, भिंतीवर सेंटीमीटरचे आकडे रंगवलेले, त्यावर पाण्याची पातळी बघायची आणि तक्त्यात बघून कळतं सेकंदाला किती लिटर चाललंय. आमचा पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, रात्री दोनला पण बॅटरी मारून वहीत लिहितो. मला रात्री दोनची पाळी आली की थंडीत शिव्या घालत जातो पण जातो, कारण माझ्या आधीचा माणूस बरोबर दोनला गेट फिरवून निघून गेलेला असतो.

लोक चांगले झाले म्हणून भांडणं थांबली असं नाही बरं का. बैठकीत अजूनही एकमेकांच्या सात पिढ्या निघतात. पण भांडण वहीवर होतं आता, बांधावर होत नाही.

आकडेमोड
व्वा! शेतकरी दादा, आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद. तुम्ही जे लिहिलंय त्याच्यावरच २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम, हे नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई. तोवर पुस्तकी मत असं होतं की सामाईक गोष्ट माणसं ओरबाडून संपवणारच, म्हणून एक तर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर खाजगी मालकीची करा. या बाईंनी जगभरचे पाट, मासेमारीच्या जागा, गायरानं बघितली आणि दाखवलं की लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. मात्र काही गोष्टी लागतात. हद्द ठरलेली हवी, नियम तिथल्याच माणसांनी केलेले हवेत, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच हवा, आणि चुकलं तर पहिल्या वेळी छोटा दंड, मग वाढत जाणारा. तुमच्या पाटकऱ्याची वही म्हणजे तेच.

बागलाणी
नोबेल २००९ ला मिळालं, आमच्याकडे फड तीन-चारशे वर्षांपासून आहेत भो. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मोसम, आरम, गिरणा, धुळ्याकडे पांझरा, या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाट काढले. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाचा तुकडा जवळजवळ प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड त्या साली भिजवायचाच नाही, म्हणजे नुकसान एकट्याचं होत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं होतं. पाणी स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही, पाटकरी देणार. त्याच्यावर हवालदार. पिकाला राखायला जागल्या. त्यांचं पोट गावाने भरायचं.

माझे आजोबा पाटावर हात लावायचे नाहीत. एकदा लहानपणी मी ढेकूळ काढून आमच्या वाफ्यात पाणी वळवलं तर त्यांनी मला सगळ्यांसमोर पाटकऱ्याच्या पाया पडायला लावलं. आजोबा काही ध्यानबिन करणारे नव्हते, बिडी ओढायचे.

नंतर विहिरी आल्या, मोटरी आल्या, वरती धरणं झाली, बऱ्याच ठिकाणी फड मोडले. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाची गरज राहिली नाही. म्हणजे जुने लोक फार थोर होते वगैरे नाही. त्यांना एकमेकांशिवाय चालत नव्हतं, आपल्याला चालतं.

येवलेकर
वाचतोय. सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो.

फडात कुणाचे तुकडे होते आणि कुणाचे नव्हते? पाटाचं पाणी सगळ्यांना, म्हणजे नक्की कुणाकुणाला?

२ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, इथली आघाडी दादासाहेब गायकवाड सांभाळत होते, ते दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. पाच वर्षं चालला. दगड खाल्ले, तुरुंगात गेले, दार उघडलं नाही. त्या पाच वर्षांत आत रोज आरती होत होती आणि आरतीत सगळ्यांच्या कल्याणाची मागणी पण होत असणार. आतल्यांना गाभाऱ्यात शांतच वाटत असेल. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

मला सांगा यातली सामूहिक चेतना कुठली? डोळे मिटलेल्यांची की दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांची? गडबड करणाऱ्यांना तेव्हाही लोक म्हणालेच असतील की कशाला शांतता बिघडवता. मला शांतता या शब्दाची थोडी भीतीच वाटते, आधी कोण गप्प बसलंय ते बघतो.

आनापान
येवलेकर, मान्य. पण त्याच बाबासाहेबांनी शेवटी बुद्धाचा मार्ग निवडला. शील, समाधी, प्रज्ञा यात समाधी पण आहे ना? डोळे मिटणं म्हणजे दार बंद करणं असं समीकरण नका करू. दाराबाहेर पाच वर्षं दगड झेलत अहिंसक राहायचं तर मनाची केवढी मशागत लागत असेल.

येवलेकर
मशागतीबद्दल सहमत आहे. माझं भांडण मशागत करून पेरायला न जाणाऱ्यांशी आहे.

मालेगाव_पॉवरलूम
आमच्या मालेगावचं नाव शांततेच्या धाग्यात आलं नाही हे बघून बरं वाटलं, म्हणून मीच आणतो.

सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. चहा, बिस्किटं, तेच ते चेहरे, तीच भाषणं, गंगा-जमनी तहजीब वगैरे. मी लहान असताना याची टिंगल करायचो. पण वाईट वेळ आली ना की ती चेहऱ्यांची ओळखच कामाला येते. अफवा आली की कुणाला फोन करायचा ते माहीत असतं, आणि पलीकडचा फोन उचलतो.

भिवंडीत १९८४ ला भयानक दंगल झाली होती. नंतर तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडचे साधे लोक, हमाल, कारागीर, दुकानदार, नेते नव्हे, दर थोड्या दिवसांनी एकत्र बसायचे आणि नळाच्या, गटारीच्या भांडणावर बोलायचे. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. खरी गंमत ही आहे की ते शांततेवर बोलत नव्हते, गटारीवर बोलत होते.

आमच्याकडे लूमला सूत कुणाचं, कामगार कुणाचा, व्यापारी कुणाचा हे बघत बसलात तर दुपारपर्यंत माग बंद. त्यामुळे चेतना-बितना राहू द्या, धंदा एकमेकांत अडकलेला असला पाहिजे.

मिसळ_तर्री
धागा भलताच गंभीर झाला राव. मी पोहे घेऊन येतो.

म्हसरूळची_मेघा
तपोवन कसं काय कोणी काढलं नाही अजून? सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या राहण्यासाठी तिथे होणाऱ्या साधुग्रामसाठी सुमारे १८०० झाडांवर गदा आली म्हटल्यावर जे लोक जमले त्यात मी पण होते. एरवी कॉलेज रोडवर दिसणारी पोरं, आजी-आजोबा, कलाकार, भाजी विकणाऱ्या मावशी, सगळे झाडाखाली. शेकड्याने हरकती दाखल झाल्या. मला तर तिथे पहिल्यांदा वाटलं की या शहराला मन आहे.

जुना_नाशिककर
मेघा, कौतुक आहेच. पण विचारतो, रागवू नकोस. हरकत लिहून दिलेल्या लोकांपैकी किती जणांनी आपल्या सोसायटीतलं झाड पार्किंगसाठी पाडताना तोंड उघडलं होतं? आमच्या गल्लीत गुलमोहर गेला, दोन फ्लॅटवाले सोडून कुणी खाली आलं नाही. मोठ्या झाडांसाठी कॅमेरा असतो.

म्हसरूळची_मेघा
काका, नाही रागवत. पण लोकांना कुठून तरी सुरुवात करू द्या की. तिथे आलेल्या दोन मुली आता सातपूरच्या देवराईत शनिवारी पाणी घालायला येतात. कॅमेरा नसतो तिथे, डास असतात.

जुना_नाशिककर
हे चांगलं सांगितलंस. एका शनिवारी येतो मी पण, कॅन उचलणार नाही, कंबर गेलीय, खुरपणी करेन.

न्यूजर्सीचा_नाशिककर
एक बाहेरचं उदाहरण. १९८७ चा मॉन्ट्रियल करार. ओझोनचा थर विरळ होतोय हे कळल्यावर फ्रिज, एसी, स्प्रेमधले ते वायू बंद करायचं ठरलं, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी सह्या केल्या, आणि थर आता सावरतोय. शीतयुद्ध चालू असताना झालंय हे! तिथे कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं. पुरावा होता, पर्यायी वायू तयार होत होते, गरीब देशांना पैसे द्यायचं ठरलं आणि जो देश सही करणार नाही त्याच्याशी या मालाचा व्यापार बंद. टेलच्या शेतकऱ्यांनी लिहिलं तसंच आहे, मोजमाप, पाळीपत्रक आणि दंड.

हवामान बदलाचं मात्र तसं होईना, कारण कोळसा-पेट्रोल हे स्प्रेच्या डब्याइतकं सहज सुटणारं नाही.

सिडकोची_अनुजा
मोजमापावरून आठवलं. गणपतीत आम्ही सोसायटीत मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विसर्जित केल्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते, ड्रममध्ये पाणी, अधूनमधून काठीने ढवळायचं, दोनेक दिवसांत विरघळते. खाली खडूसारखा चुनखडीचा गाळ बसतो आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खत, पातळ करून झाडांना घालता येतं. वास मात्र असा येतो की डोळ्यातून पाणी. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, देवाला ड्रममध्ये? एका आजींनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. यंदा त्याच आजी काठी घेऊन ढवळत होत्या आणि बाकीच्यांना ओरडत होत्या, अरे नीट ढवळा, तळाशी गोळा राहतोय.

आमच्या ह्यांची आणि आजींची दोघांचीही चेतना मी अशीच उंचावली, बादली आणि काठी हातात देऊन. हाहा.

आकडेमोड
आजींना आधी पटलं आणि मग काठी घेतली की आधी काठी घेतली आणि मग पटलं? मला हे खरंच जाणून घ्यायचंय.

सिडकोची_अनुजा
आधी नातवाने ओढत आणलं. मग ढवळायला कुणी नव्हतं म्हणून काठी घेतली. पटलं कधी ते त्यांनाच माहीत नसेल.

गोदाकाठची
बापरे, दोन दिवस आजारी होते तर एवढं सगळं! सगळे प्रतिसाद नीट वाचले.

माझं सांगते. मी २१ तारखेला जाणार आहे. मला लोकांसोबत शांत बसायला आवडतं आणि त्याला वर्गमुळाचा दाखला लागत नाही. पण आयोजकांना फोन करून दोन गोष्टी बोलले. एक म्हणजे विसाव्या मिनिटाला उठून घरी न जाता जागेवरच तासभर थांबायचं, आणि आपापल्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं हे ज्याने त्याने आधी शोधून आणायचं, तिथे सगळ्यांसमोर सांगायचं. त्यांना हे फारसं रुचलेलं दिसत नाही. कार्यक्रमाचं वातावरण बिघडेल म्हणाले. येवलेकर, तुमची आठवण झाली.

आमच्या सोसायटीचं मी शोधलं. चेअरमनना माहीत नव्हतं, सेक्रेटरींनी बिल्डरकडे बोट दाखवलं, शेवटी मागच्या गेटजवळच्या किराणावाल्याने दाखवलं, पावसाळी गटार आणि आमची मोरीची लाइन एकाच चेंबरमध्ये येतात आणि तिथून नाल्यात. म्हणजे माझं भांडी घासलेलं पाणी थेट गंगेत. आता महापालिकेत अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

शेतकरी दादा, तुमची ती वही आणि फ्लूम बघायला आलं तर चालेल का? आणि आनापान, तुम्ही पण चला की.

आनापान
नक्की. गाडी माझी, तीन जागा आहेत.

पैठणचा_पाहुणा
मला पण यायचंय. टेलवाल्यांना पाणी मिळतं ही गोष्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीय. :) निफाडकर पण येणार असतील तर मागच्या सीटवर बसतो.

द्राक्षबाग_निफाड
या की, वाटेत आमची बाग आहे. चहा घेऊन जाऊ. उसावर मात्र बोलायचं नाही.

टेलचा_शेतकरी
चालेल ना, या. फक्त आवर्तन सुटलेलं असताना या, बंद असताना कोरडी चारी बघून काय करणार. आणि जानेवारी लागायच्या आत या, नंतर द्राक्षांचा खुडा सुरू झाला की मला मान वर करायला वेळ नसतो. तारीख बैठकीत ठरली की इथेच टाकतो.

मिसळ_तर्री
तीन जागा आणि मला धरून माणसं चार झाली. पाळीपत्रक लावा.